जुनी कांस्यमूर्ती हाताळताना: आधी नोंद, मग स्वच्छता

देव्हाऱ्यात किंवा माळ्यावरच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चार-सहा इंचांची धातूची मूर्ती हाती आली की बहुतेक घरांत सर्वांत आधी ती चिंच-मीठ लावून लखलखीत घासली जाते. नवरात्रापूर्वी आणि दिवाळीपूर्वी देव उजळण्याची रीत असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु त्या एका घासण्यात मूर्तीच्या वयाच्या, ओतकामाच्या आणि वापराच्या खुणा कायमच्या पुसल्या जातात. मिठाचा अंश धातूच्या बारीक छिद्रांत राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात नवे नुकसानही सुरू होते. सर्वाधिक चुका क्रमाच्या असतात. नोंद करण्याआधी स्वच्छता होते आणि धातूवरील थर कोणता आहे हे ओळखण्याआधी तो काढला जातो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

हे मार्गदर्शन तांब्याच्या सर्व मिश्रधातूंना लागू आहे. घरात ज्या मूर्तीला आपण ‘पंचधातूची’ म्हणतो ती तांबे व कथील यांचे कांसे असू शकते, तांबे व जस्त यांचे पितळ असू शकते किंवा या दोहोंचे मिश्रणही असू शकते. नुसत्या डोळ्यांनी यातला फरक खात्रीने सांगता येत नाही, आणि जतनासाठी तो सांगण्याची निकडही नाही. चांदीच्या टाकांना मात्र यातील स्वच्छतेचे टप्पे लावू नयेत.

## तयारी

कोरड्या हवेचा दिवस निवडावा. सणाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये, कारण घाईतच मूर्ती घासण्याचा मोह होतो. खिडकीजवळच्या मेजावर एक पसरट ट्रे ठेवून त्यात धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी अंथरावी. मूर्ती हातातून सुटली तरी ती कापडावर पडेल आणि निघालेला तुकडा ट्रेमध्येच सापडेल. अंगठ्या, बांगड्या आणि मनगटी घड्याळ काढून ठेवावे.

जवळ असाव्यात अशा वस्तू: पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे, मऊ केसांचे दोन ब्रश, बांबूच्या टोकदार काड्या, कापूस, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, सेंटिमीटरची पट्टी, काळा कागद, विजेरी, वही आणि सुट्या तुकड्यांसाठी लहान पारदर्शक पाकिटे. सुती हातमोजे गुळगुळीत धातूवरून घसरतात, त्यामुळे ते टाळलेले बरे. हातमोज्यांची गरज आहे ती घामातील मीठ धातूला लागू नये म्हणून. उघड्या बोटांचा ठसा काही महिन्यांत धातूवर काळसर उमटलेला दिसू शकतो.

सावधान: अल्कोहोल पेटते. काम चालू असताना त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटता नसावा आणि खिडकी उघडी असावी.

## टप्पा १: उचलण्यापूर्वीची पाहणी

मूर्ती जागेवरून हलवण्याआधी तिच्याभोवती फिरून पाहावे. प्रभावळ स्वतंत्र असून खुंटीवर बसवलेली आहे का, एखादा हात किंवा आयुध डुगडुगते आहे का, पीठाला (मूर्तीच्या खालच्या बैठकीला) तडा आहे का, खाली हिरवट भुकटी सांडली आहे का, हे आधी कळले पाहिजे. प्रभावळ सुटी होत असेल तर प्रथम तीच सरळ वर उचलून काढावी. ती अडकली असेल तर जोर न लावता तशीच राहू द्यावी.

उचलताना एक हात पीठाखाली आणि दुसरा पाठीमागे असावा. प्रभावळीला, मुकुटाला किंवा वर उचललेल्या हाताला धरून मूर्ती उचलणे ही सर्रास होणारी चूक आहे. जुन्या ओतकामात हे भाग सर्वांत पातळ असतात आणि बाहेरून अखंड दिसणारा धातू आतून गंजलेला असू शकतो.

आता मूर्ती उलटी न करता, किंचित कलती धरून पीठाची खालची बाजू पाहावी. ती भरीव आहे की पोकळ, हे पुढील सर्व निर्णयांसाठी महत्त्वाचे आहे. पोकळ ओतकामात आधी मेणात घडवलेल्या मूर्तीच्या आत मातीचा गाभा ठेवलेला असतो आणि मूर्ती ओतून झाल्यावर तो अनेकदा आतच राहतो. असा गाभा पाणी शोषून घेतो आणि ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो. गाभ्याची माती टोकरून काढू नये. मूर्तीचे वय वैज्ञानिक पद्धतीने तपासण्याची वेळ आली तर तापदीप्ती चाचणी (माती शेवटची कधी तापली यावरून वय काढणारी) याच मातीवर होऊ शकते. धातूवर तशी थेट चाचणी होत नाही.

## टप्पा २: नोंद आणि छायाचित्रे

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. मूर्ती चोरीस गेली, वाटणीत दुसऱ्या घरी गेली किंवा तिची अदलाबदल झाली, तर ती आपलीच आहे हे दाखवणारा पुरावा म्हणजे ही नोंद.

१. उंची, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजावी. प्रभावळीसह आणि प्रभावळीशिवाय अशी दोन मापे वेगळी लिहावीत.

२. वजन ग्रॅममध्ये घ्यावे. बनावट प्रतीत उंची जुळवता येते, पण वजन नेमके जुळवणे अवघड असते.

३. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि पीठाखालून अशी किमान सहा छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकात पट्टी दिसली पाहिजे. फ्लॅश बंद ठेवावा. चकाकीत बारकावे हरवतात.

४. प्रत्येक दोषाचे जवळून छायाचित्र घ्यावे: तडा, तुटलेले बोट, जुने डाग, पाठीवरची टाके मारल्यासारखी दुरुस्ती, ओतकामातील छिद्र. सुंदर चेहऱ्याच्या छायाचित्रापेक्षा दोषांची छायाचित्रेच मूर्ती ओळखण्यास अधिक उपयोगी पडतात.

५. पीठावर अक्षरे असतील तर त्यांवर खडू, धान्याचे पीठ किंवा कुंकू चोळू नये. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाडावा आणि झोताची दिशा बदलत चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. हाताला न लागणारी अक्षरेही सावलीमुळे वाचता येतात.

६. आयुधांचा क्रम लिहावा. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून उजवा वरचा, डावा वरचा आणि डावा खालचा असा प्रदक्षिणेचा क्रम ठेवावा. येथे उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा हात, पाहणाऱ्याचा नव्हे. ही चूक फार होते आणि ती किरकोळ नाही, कारण मूर्तिशास्त्रात विष्णूच्या केशव, नारायण, माधव आदी चोवीस रूपांमधला भेद शंख, चक्र, गदा व पद्म यांच्या क्रमावरूनच केला जातो. उजवे-डावे उलटे झाले तर देवाचे नावच बदलते.

यासोबत घरातील ज्येष्ठांना माहीत असलेली हकिगत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी: मूर्ती कोणाकडून आली, कोणाच्या लग्नात गौरीहराला पुजली होती, कोणत्या गावच्या घरात होती. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण या मूर्ती तर मुलींबरोबर माहेराहून सासरी जात आल्या आहेत. त्यांचा प्रवास केवळ आडनावावरून सापडत नाही. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख त्याखाली घालावी.

पडताळा: छायाचित्रे मोठी करून पाहावीत. दोष स्पष्ट दिसत नसतील तर ती पुन्हा घ्यावीत. स्वच्छतेनंतर आधीची स्थिती टिपण्याची संधी मिळत नाही.

## टप्पा ३: धातूवरचे रंग ओळखणे

काळपट, तपकिरी किंवा गडद हिरवा थर म्हणजे मळ, या समजुतीमुळे सर्वाधिक मूर्ती खराब होतात. तांब्याच्या मिश्रधातूवर हवा, ओलावा आणि काळ यांमुळे जो एकसंध, घट्ट थर तयार होतो, तो खालच्या धातूचे रक्षण करतो. लालसर तपकिरी थर बहुधा तांब्याच्या ऑक्साइडचा असतो आणि गडद हिरवा, गुळगुळीत थर बहुधा कार्बोनेटचा. हे थर ठेवायचे असतात.

हिरव्या रंगाचे मात्र तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार स्थिर थराचा. रंग गडद, पृष्ठभाग टणक, बांबूच्या काडीने हलके टोकरले तरी काही निघत नाही. त्याला हात लावू नये.

दुसरा प्रकार चिकट हिरव्याचा. तो मेणासारखा मऊ असतो आणि दागिन्यांच्या खाचांत, पायांच्या मध्ये, पीठाच्या कडेला साचलेला दिसतो. तूप, तेल आणि समईचा चिकटा यांतील आम्लांचा तांब्याशी संयोग होऊन तो बनतो. देव्हाऱ्यातील मूर्तींवर हाच सर्वाधिक आढळतो आणि तो काळजीपूर्वक काढता येतो.

तिसरा प्रकार धोक्याचा आहे. फिकट पोपटी, भुकटीसारखे ठिपके दिसतात, ते काडीने सहज सुटतात आणि खाली बारीक खड्डा उघडा पडतो. हा क्लोराइडमुळे होणारा, सतत वाढत जाणारा क्षय होय. जतनतज्ज्ञ त्याला कांस्यरोग म्हणतात. धातूत शिरलेल्या क्लोराइडला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की हिरवी भुकटी तयार होते आणि त्याच क्रियेत आम्लही सुटते. ते आम्ल खालचे ताजे तांबे खाते आणि चक्र पुन्हा सुरू होते. हा आजार वरवर पुसून जात नाही. जमिनीत पुरलेल्या, समुद्रकाठच्या घरात राहिलेल्या किंवा वर्षानुवर्षे चिंच-मीठ लावून घासलेल्या मूर्तींत त्याची शक्यता अधिक असते.

शंका असेल तर मूर्ती काळ्या कागदावर ठेवून पंधरा दिवस हलवू नये. कागदावर फिकट हिरवी भुकटी पडली, तर क्षय चालू आहे असे समजावे. अशा वेळी टप्पा ४ आणि ५ पूर्णपणे वगळून मूर्ती लगेच टप्पा ६ मध्ये सांगितलेल्या कोरड्या डब्यात ठेवावी, इतर मूर्तींपासून वेगळी करावी आणि धातूच्या जतनतज्ज्ञाकडे न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतन केंद्र आहे, वारसा-जतनाचे काम करणाऱ्या इंटॅक संस्थेच्या जतन प्रयोगशाळा आहेत आणि लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठीची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. चौकशीची सुरुवात अशा ठिकाणी करता येते.

सावधान: या रोगावर वापरली जाणारी बेंझोट्रायाझोलसारखी रसायने घरी मागवून वापरू नयेत. त्यांचा शरीराला धोका आहे आणि अर्धवट उपचाराने क्षय झाकला जातो, थांबत नाही.

## टप्पा ४: कोरडी स्वच्छता

बहुतेक मूर्तींना एवढीच स्वच्छता पुरते. कोरड्या मऊ ब्रशने मुकुटापासून पीठाकडे, एकाच दिशेने धूळ झाडावी. खाचांतील सुकलेले गंध, अक्षता आणि फुलांचे अवशेष बांबूच्या काडीने, काडी जवळजवळ आडवी धरून सोडवावेत. टाचणी, सुई, दाभण, स्टीलची घासणी किंवा दात घासायचा कडक ब्रश वापरू नये. धातूवर उठलेला ओरखडा पुन्हा बुजत नाही.

शेंदराचा जाड लेप असेल तर तो काढण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नये. तो पूजेचाच भाग आहे, आणि त्याखालचा पृष्ठभाग कोणत्या अवस्थेत आहे हे कळल्याशिवाय तो खरवडणे धोक्याचे आहे. निघालेला कोणताही तुकडा, मग तो कुंकवाचा असो वा धातूचा, पाकिटात घालून त्यावर जागा आणि तारीख लिहावी.

पडताळा: येथे थांबून मूर्ती हातभर अंतरावरून पाहावी. चेहरा आणि आयुधे स्पष्ट दिसत असतील तर पुढचा टप्पा करू नये.

## टप्पा ५: चिकटा काढणे, गरज असेल तरच

पीठाच्या मागच्या बाजूला, सहज न दिसणारी नखाएवढी जागा निवडावी. काडीला गुंडाळलेला कापूस अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून त्या जागी हलकेच फिरवावा. कापूस पिवळट किंवा काळपट चिकट झाला तर तेलाचा थर निघतो आहे. तो गडद हिरवा अथवा तांबूस झाला आणि खाली चकचकीत धातू दिसू लागला, तर धातूचा स्वतःचा थर सुटतो आहे, तिथेच थांबावे. सोन्याचा मुलामा किंवा रंगाचा अवशेष दिसला तरीही थांबावे.

चाचणी ठीक निघाल्यास तळहाताच्या चौथ्या भागाएवढी जागा एका वेळी घ्यावी. कापूस घासू नये, गोल फिरवत न्यावा आणि मळताच बदलावा. अल्कोहोलने न निघणाऱ्या गंधासाठी डिस्टिल्ड वॉटरने दमट केलेला कापूस वापरता येतो, पण लगेच अल्कोहोलचा कापूस फिरवून ओलावा काढून घ्यावा. नळाचे पाणी नको, कारण त्यात क्लोरीन व क्षार असतात. पोकळ मूर्ती कोणत्याही परिस्थितीत पाण्यात बुडवू नये.

काय वापरू नये आणि का, हे नीट समजून घेतले की मोह होत नाही. चिंच, लिंबू, आमसूल आणि ताक यांतील आम्ल संरक्षक थर विरघळवते, आणि पितळेत वरचे जस्त निघून पृष्ठभाग तांबूस, कच्चा दिसू लागतो. मीठ थेट क्लोराइड पुरवते. वर वर्णन केलेल्या रोगाचे ते बीजच आहे. राख, विटेची पूड, रांगोळी आणि भांडी उजळण्याच्या भुकट्या धातू झिजवतात. आमच्या घरच्या अन्नपूर्णेच्या दोन्ही हातांवर आडवी पळी आहे, हे आज केवळ आजीच्या सांगण्यावरून कळते. चाळीस-पन्नास दिवाळ्यांच्या राखेने ती पळी मांडीत विरून गेली आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत उंचवटे उरले आहेत. एका वर्षाच्या घासण्याने एवढे झाले नाही, पण दरवर्षी थोडे थोडे होत गेले.

शेवटी मूर्ती कोरड्या कापडावर, हवेशीर सावलीत रात्रभर राहू द्यावी. उन्हात ठेवणे, तव्याजवळ शेकणे किंवा गरम हवेचा झोत मारणे टाळावे. खोबरेल किंवा तूप लावून चमक आणू नये. काढलेला चिकटा त्यातूनच पुन्हा तयार होतो.

तुटलेला हात सराफाकडे किंवा भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन झाळून घेऊ नये. आचेने आजूबाजूचा थर करपतो आणि सांधा कायमचा विद्रूप होतो. चिकटवण्याचा पक्का डिंकही नको. तुकडा पाकिटात घालून मूर्तीसोबत ठेवावा.

## टप्पा ६: ठेवण

सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर क्लोराइडचा क्षय जवळजवळ थांबतो. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात उघड्या खोलीत हे शक्य नाही, म्हणून पूजेत नसलेली मूर्ती घट्ट झाकणाच्या पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात, तळाशी काळा कागद अंथरून ठेवावी. दहा लिटरच्या डब्यासाठी सुमारे दोनशे ग्रॅम सिलिका जेल जाळीदार पिशवीत घालावे. ते मूर्तीला टेकू देऊ नये. आत लहान आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजाने चालावे लागत नाही. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये कोरडे करून पुन्हा वापरता येते.

गुंडाळण्यासाठी धुऊन खळ काढलेले मांजरपाट किंवा आम्लमुक्त कागद घ्यावा. वर्तमानपत्र, लोकर, रबर, रंगीत मखमल आणि पीव्हीसीचे प्लास्टिक यांतून निघणारे पदार्थ धातूला काळे पाडतात किंवा खातात. नव्या प्लायवूडच्या बंद कपाटातही आम्लाची वाफ साचते.

## पूजेत असलेली मूर्ती

पूजा थांबवा असे येथे सुचवलेले नाही. पंचामृतातील दही, मध व साखर आणि रोजचे पाणी यांचा संपर्क कमी करणे एवढेच पुरेसे असते, आणि त्यासाठी लागणारी मुभा आपल्या रीतीतच आहे. नवरात्रात देव घटी बसले की अनेक घरांत नऊ दिवस त्यांना हलवत नाहीत आणि स्नानही घालत नाहीत. फुलाने पाणी शिंपडून पूजा होते. जुन्या मूर्तीसाठी हेच वर्षभर करता येते, अभिषेकासाठी ताम्हनात सुपारी किंवा नवी लहान मूर्ती घेता येते. गंध मूर्तीच्या कपाळाऐवजी पीठावर लावावे. कधी अभिषेक झालाच, तर मूर्ती डिस्टिल्ड वॉटरने पुसून त्याच वेळी पूर्ण कोरडी करावी. ओले निर्माल्य पायांशी राहू देऊ नये.

मूर्ती खंडित झाली म्हणून ती नदीत सोडण्यापूर्वी किंवा मोडीत घालण्यापूर्वी घरात एकदा बोलावे. पूजेतून काढलेली मूर्ती नोंदीसह जपून ठेवता येते किंवा संग्रहालयाला देण्याचा विचार करता येतो. मोडीत गेलेली मूर्ती वितळते, आणि तिच्यासोबत तिची हकिगतही जाते.

## टप्पा ७: कायद्याची बाजू

पुरावशेष व कलासंपदा अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने शिल्प त्यानुसार पुरावशेष ठरते, आणि धातूची शिल्पे नोंदणीयोग्य वस्तूंमध्ये येतात. नोंदणी अधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात, छायाचित्रांसह अर्ज करावा लागतो. टप्पा २ मधील सामग्री येथे तशीच उपयोगी पडते. नोंदणीने मालकी सरकारकडे जात नाही, हा गैरसमज दूर झाला पाहिजे. नोंदवलेली मूर्ती भेट, वाटणी किंवा विक्रीने दुसऱ्याकडे गेली तर तसे अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे घरची मूर्ती पाठवण्याचा विचार वारंवार ऐकू येतो. खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. मूर्ती नवी असून केवळ जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र प्रवासाच्या बरेच आधी घ्यावे. विहीर खणताना किंवा पाया काढताना मूर्ती सापडली, तर ती घरची मानू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अशी मूर्ती धुऊ नये, माती लागलेली तशीच राहू द्यावी.

## वर्षातून एकदा

पावसाळा संपताच डबा उघडून वजन, सिलिका जेलचा रंग आणि खालचा काळा कागद पाहावा. टप्पा २ मधील छायाचित्रे समोर ठेवून त्याच बाजूंनी, त्याच उजेडात नवी छायाचित्रे घ्यावीत आणि खाचांचे भाग एकमेकांशी ताडून पाहावेत. नवा फिकट ठिपका दिसला तर त्याभोवती छायाचित्रावर खूण करून तारीख लिहावी, आणि मूर्ती पुन्हा काळ्या कागदावर पंधरा दिवस ठेवावी.